लाउडस्पीकरची परीक्षा : कान आणि मोजमाप



माझे हे शब्द आपल्यापर्यंत पोहोंचत आहेत ते माझ्या कंठांतून नव्हे, तर आपल्या दिवाणखान्यांतील एका लहानशा शंकूच्या थरथरण्यांतून. या शंकूच्या मागें तारेचें एक वेटोळें असतें. तें लोहचुंबकाच्या फटींत पुढेंमागें हालतें आणि त्याबरोबर शंकूहि हालतो. राइस व केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनीं १९२५ सालीं या रचनेचें जें शास्त्रशुद्ध विवेचन प्रसिद्ध केलें, त्याच पायावर आजचे बहुतेक लाउडस्पीकर उभे आहेत. यंत्र इतकें साधें. परंतु तें चांगलें कीं वाईट हें ठरवावयाचें कसें, या प्रश्नावर जाणत्यांतहि दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, "आलेख दाखवा, आंकडे दाखवा, बाकी सारें कविकल्पना." दुसरा म्हणतो, "गाणें कानांनीं ऐकावयाचें असतें, कागदावर वाचावयाचें नसतें."

माझ्या मतें दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. अखेरचा निवाडा कानाचाच, यांत शंका नाहीं. परंतु न्यायाधीश झाला म्हणून त्यानें वाटेल तसा निकाल देऊन चालत नाहीं; त्यालाहि पुराव्याचे नियम पाळावे लागतात. आणि मोजमाप हा साक्षीदार सत्यवचनी असला, तरी विचारलें तेवढेंच उत्तर देणारा आहे.

प्रथम कानाचा विचार करूं. एडिसनच्या कंपनीनें १९१५ पासून सुमारें दहा वर्षें अमेरिकेंत ठिकठिकाणीं जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर एक गायिका व तिच्याशेजारीं तिचीच तबकडी वाजविणारा फोनोग्राफ. गातां गातां ती मध्येंच थांबे, यंत्र तेंच गाणें पुढें चालवी; कधीं दिवे मालवीत. गायिका थांबली केव्हां व यंत्र सुरू झालें केव्हां हें कळलें नाहीं, असें कित्येक श्रोते सांगत, आणि वर्तमानपत्रेंहि तसेंच छापीत. आतां, त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यांत गावयाचें व कर्ण्यांतूनच ऐकावयाचें. मंद्र स्वर व अतितार स्वर दोन्ही त्यांतून गळून जात. मग इतके लोक फसले कसे? प्रयोगांत भाग घेणाऱ्या अ‍ॅना केस या गायिकेनें पुढें वृद्धापकाळीं सांगितलें कीं, आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशीं जुळवून घेत होतों. श्रोते खोटें बोलले नाहींत. त्यांच्यापुढें ठेवलेला मुकाबलाच खरा नव्हता.

याहून सूक्ष्म अशी दुसरी हकीकत आहे. १९४५ सालीं चिन व आयझेनबर्ग या दोघां संशोधकांनीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना तेंच संगीत कधीं विस्तृत स्वरपट्ट्यांत, कधीं मध्यम व कधीं अरुंद पट्ट्यांत ऐकविण्यांत आलें. आश्चर्य असें कीं, श्रोत्यांचा कौल विस्तृत पट्ट्याच्या विरुद्ध पडला. यावरून असें अनुमान निघण्याजोगें होतें कीं, लोकांना उच्च कंपनसंख्येचे ध्वनि नकोच आहेत; मग अधिक चांगलीं यंत्रें बनविण्याचा खटाटोप कशाला?

आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेंतील हॅरी ओल्सन यांना हें अनुमान पटलें नाहीं. १९४७ सालीं त्यांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं लाउडस्पीकर मधून काढूनच टाकला. एका खोलींत खरे वादक बसविले. त्यांच्या व श्रोत्यांच्या मध्यें असा पडदा टांगला कीं, त्यांतून दिसूं नये पण ऐकूं मात्र यावें. आणि पडद्याआड ध्वनि गाळणारीं दारें बसविलीं. दारें मिटलीं कीं दर सेकंदास ५,००० आंदोलनांच्या वरचे ध्वनि अडत. उघडलीं कीं सारें संगीत मोकळेपणीं येई. या वेळीं बहुसंख्य श्रोत्यांनीं पूर्ण पट्टाच पसंत केला. म्हणजे दोष लोकांच्या रुचींत नव्हता. पहिल्या प्रयोगांतील श्रोत्यांचा कौल प्रामाणिक होता, पण तो संगीताच्या विस्ताराविषयीं नव्हता. विस्ताराबरोबर यंत्रांच्या सांखळींतून जी खरखर व विकृति येत होती, तिच्याविषयीं होता. कानाची साक्ष खरी. तिचा अर्थ लावण्यांत घाई झाली होती.

आतां मोजमापाकडे वळूं. लाउडस्पीकर मोजतात तो अशा खोलींत कीं, जिच्या भिंती, छत व जमीन ध्वनि शोषून घेतात व प्रतिध्वनि मुळींच उठत नाहीं. दर सेकंदास २० आंदोलनांपासून २०,००० आंदोलनांपर्यंतचे स्वर सारख्याच विद्युत्दाबानें त्यास पुरवितात आणि समोर मायक्रोफोन ठेवून प्रत्येक स्वर किती मोठा येतो हें डेसिबलांत टिपतात. त्याचा आलेख सपाट आला तर यंत्रानें कोणत्याहि स्वराचा पक्षपात केला नाहीं. चढउतार आले तर केला.

परंतु हा एक आलेख म्हणजे समोरून काढलेलें एकच छायाचित्र. ध्वनि समोरच जातो असें थोडेंच आहे? १०० आंदोलनांच्या स्वराची लहर सुमारें साडेतीन मीटर लांबीची, तर १०,००० आंदोलनांच्या स्वराची लहर साडेतीन सेंटिमीटरांची. लांब लहर पेटीला वळसा घालून चोहोंकडे पसरते. आंखूड लहर झोतासारखी सरळ जाते. घरांत आपण जें ऐकतों त्यांत समोरून येणारा ध्वनि असतोच, पण बाजूच्या भिंतीवरून, छतावरून व जमिनीवरून परतलेलाहि असतो. समोरचा आलेख निर्दोष व बाजूचा वेडावांकडा असेल, तर श्रोत्याचा कान कुरकुर करतो आणि समोरचा आलेख हातांत घेतलेला इंजिनियर म्हणतो, "यांत कांहींच दोष दिसत नाहीं."

अशा वेळीं शहाणा इंजिनियर कानाला वेडा ठरवीत नाहीं. आपण कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला हें तो शोधतो. बी. बी. सी. तील शॉर्टर यांनीं १९४६ सालीं तेंच केलें. लाउडस्पीकर बदलला कीं त्याच आवाजावर निराळीच छटा चढते, आणि ती नेहमींच्या आलेखांत नीटशी दिसत नाहीं. शॉर्टर यांनीं स्वर एकाएकीं बंद करून, त्यानंतर शंकू किती वेळ व कोणत्या स्वरांत गुणगुणत राहतो हें मोजण्याची रीत काढली. गायक थांबल्यावरहि ज्याचें गुणगुणणें थांबत नाहीं तो साथीदार चांगला नव्हे, हें आपण जाणतोंच. कानानें तक्रार केली म्हणूनच ही रीत जन्माला आली.

उलट, मोजमापानें डोळ्यांची समजूत सुधारल्याचेंहि उदाहरण आहे. आलेखावर एखादें उंच, टोंकदार शिखर दिसलें कीं आपण दचकतों. बसका, रुंद उंचवटा दिसला तर दुर्लक्ष करतों. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या उलट आढळलें. ज्या अनुनादाचा उंचवटा रुंद आहे तो अगदीं थोडा असला तरी कानाला जाणवतो; टोंकदार शिखर मात्र बरेंच उंच झाल्यावरच कान त्याची दखल घेतो. आंकडे अचूक असूनहि ते वाचावयाचे कसे, हें अखेर कानानेंच शिकविलें.

हे दोन साक्षीदार एकमेकांसमोर उभे करण्याचें मोठें काम टूल यांनीं कॅनडांतील ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेंत केलें. त्याचे निष्कर्ष १९८५ व १९८६ सालीं प्रसिद्ध झाले. लाउडस्पीकर पडद्याआड, सर्वांचा आवाज सारख्या पातळीवर आणलेला, श्रोत्यानें न पाहतां गुण द्यावयाचे, आणि त्याच यंत्रांचीं निरनिराळ्या दिशांनीं मोजमापें. असें केल्यावर, ज्यांची श्रवणशक्ति शाबूत होती त्यांच्या मतांत मोठें साम्य आढळलें. ज्यांची ती मंदावली होती त्यांचीं मतें वेळोवेळीं पालटत. आणि ज्या यंत्रांना पडद्याआडून अधिक गुण मिळाले, त्यांचेच आलेख समोर सपाट व बाजूंसहि एकसारखे होते. "ज्याची त्याची आवड" असें आपण म्हणतों, पण डोळे झांकल्यावर ती आवड बऱ्याच अंशीं एकच निघते.

डोळे उघडे ठेवले तर काय होतें, तेंहि पाहण्यांत आलें. १९९४ सालीं टूल व ऑलिव्ह यांनीं हार्मन या कंपनींतील ४० नोकरांना चार लाउडस्पीकर एकदां पडद्याआडून व एकदां उघडपणें ऐकविले. हीं माणसें याच व्यवसायांतील. तरीहि पेट्या दिसूं लागतांच मोठ्या व महाग पेट्यांचे गुण वाढले. लहान व स्वस्त पेटीचे घसरले. इतकेंच नव्हे, तर लाउडस्पीकरची जागा बदलल्यानें आवाजांत जो खरा फरक पडला होता, तोहि उघड्या डोळ्यांनीं ऐकणारांच्या फारसा ध्यानांत आला नाहीं. डोळ्यांनीं नसलेला फरक दाखविला आणि असलेला झांकला.

कोणी म्हणेल, "हें सारें प्रयोगशाळेंतलें, आम्हां गृहस्थांस त्याचें काय?" त्याचें आपणांस फार आहे. आपला कान संवयीचा गुलाम आहे. घरांतील यंत्र वर्षानुवर्षें घुमत राहिलें, तर तें घुमणें हाच बायांचा नाद अशी मुलांची समजूत होते. तबल्यावरील शाईमुळें त्याचे उपस्वर एकमेकांशीं सुसंवादी होतात, हें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं दाखविलें. दुय्यम लाउडस्पीकर तो सुसंवाद बुडवून नुसता ठोका ऐकवितो. तंबोऱ्याची जवारी ही तर उपस्वरांचीच झळाळी; वरचा पट्टा कापला गेला कीं तंबोरा मुका होतो. आणि गंमत अशी कीं, काळी एकच्या पट्टींत खर्जाचा षड्ज दर सेकंदास सुमारें ७० आंदोलनांचा. लहान लाउडस्पीकर तो जवळजवळ देतच नाहीं, तरी आपणांस खर्ज ऐकूं येतो! उपस्वरांवरून मूळ स्वर मनांत उभा करण्याची कानाची शक्ति आहे. कान असा दानशूर आहे, म्हणूनच त्याच्या औदार्यावर यंत्राची किंमत ठरवूं नये.

शिवाय ध्वनिमुद्रण करणारा मनुष्यहि तें आपल्या लाउडस्पीकरवर ऐकूनच कमीजास्त करीत असतो. त्याचें यंत्र मंद्र स्वर लपवीत असेल, तर तो ते वाढवून ठेवील. आणि मग चांगल्या यंत्रावर तेंच गाणें घुमूं लागेल. दोष कोठें शिरला हें नुसत्या कानानें कळणार नाहीं. येथें मोजलेलें यंत्र हाच एक निश्चित मापदंड.

तर मग लाउडस्पीकर घेतांना काय करावें? प्रथम मोजमापें मागावीं, आणि तीं एकाच दिशेचीं नसावीं. ज्या दोन यंत्रांतून निवड करावयाची तीं पाळीपाळीनें ऐकावीं, पण आवाज सारखा ठेवून. कारण किंचित् मोठ्यानें वाजणारें यंत्र तेवढ्यानेंच सरस भासतें. आवाज उतरला कीं मंद्र स्वर कानाला अधिकच क्षीण भासतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच मोजून दाखविलें आहे. यंत्रें झांकून ठेवावीं किंवा आपण पाठ फिरवून बसावें. नवलाईच्या तबकडीपेक्षां परिचयाचें ऐकावें : माणसाचें साधें बोलणें, तंबोरा, तबला. आणि शेवटचा निर्णय घरीं घ्यावा. बारा फूट लांबीच्या खोलींत सुमारें ४७ आंदोलनांचा स्वर दोन भिंतींमध्यें घुमूं लागतो. तेथें दोष यंत्राचा नसून खोलीचा असतो. पेटी कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढली, तर पुष्कळदां नवीन यंत्राचा खर्च वांचतो.

एवढें करूनहि मोजमाप एक सांगेल व कान दुसरें सांगेल, असें कधीं होईल. तेव्हां दोघांपैकीं एकास लबाड ठरवूं नये. कान म्हणतो, "कांहीं तरी बिघडलें आहे". मोजमाप सांगतें, "येथें, इतकें, या स्वरावर". पहिल्यावांचून दुसऱ्यास काय शोधावें हें कळत नाहीं. दुसऱ्यावांचून पहिल्याला तें कोठें आहे हें सांगतां येत नाहीं. कानानें पट्टी बांधून ऐकावें, मोजमापानें चोहों बाजूंनीं पहावें, म्हणजे दोघांची भेट पुष्कळदां एकाच ठिकाणीं होते.

आज आपण माझा आवाज ऐकला. तो कितपत माझा व कितपत आपल्या यंत्राचा, हें आपणच पडताळून पहावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.