दिवा लावणारे आणि दिवा राखणारे

(विद्यार्थी कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वॉशिंग्टन विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन बेन लिंडर हा अमेरिकन तरुण १९८३ साली निकाराग्वात गेला. उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील एल कुआ या गावी ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लहानसे वीजकेंद्र त्याने स्थानिक कामगारांसह उभे केले. पुढे सान होसे दे बोकाय या गावासाठी तसेच केंद्र उभारण्याच्या हेतूने पाण्याचे मोजमाप चालू असताना २८ एप्रिल १९८७ रोजी काँट्रा बंडखोरांनी त्याला व त्याच्या दोन निकाराग्वन सहकाऱ्यांना ठार मारले. लिंडर २७ वर्षांचा होता. काँट्रांचे पोशिंदे होते ते त्याच्याच देशाचे सरकार.

खेड्यात दिवा लावणे हे निव्वळ तांत्रिक कृत्य असते, तर त्यासाठी कोणाचा जीव घेण्याची गरज पडली नसती. पाणी आणि वीज कोणाच्या हाती असावी हा सत्तेचा प्रश्न आहे. मात्र या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. बोकायचे केंद्र १९९४ साली पुरे झाले. ज्यांच्यासह लिंडर राबला, त्यांनी त्याच्या पश्चात काम तडीस नेले, कारण त्याने यंत्राबरोबर यंत्र राखणारी माणसेही घडविली होती.

आज अशी सेवा संघटित झाली आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील प्राध्यापक बर्नार्ड आमादेई यांनी बेलिझमधील सान पाब्लो या खेड्यातील पाण्याची हलाखी २००० साली पाहिली, पुढे विद्यार्थ्यांना घेऊन तेथे पाणीयोजना केली, आणि त्यातून ‘सीमाविरहित अभियंते’ ही अमेरिकेतील संघटना २००२ साली जन्मास आली. विद्यार्थी सुट्टीत जातात, खपतात, परततात. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु अर्थशास्त्र हेतूपाशी थांबत नाही. ते खर्च कोणावर पडतो हे विचारते. पंपाची किंमत एकदाच द्यावी लागते, दुरुस्तीची दरवर्षी. पहिला खर्च देणगीदार करतो व त्याचे छायाचित्र निघते. दुसरा गावाच्या माथी येतो. विद्यार्थ्याच्या चुकीतून विद्यार्थी शिकतो, पण तिचे मोल मोजते ती पुन्हा डोक्यावर हंडा घेणारी बाई.

हा धडा आपल्या भूमीनेही घेतला आहे. परदेशी शेतघरातील एका कुटुंबासाठी योजलेल्या ओतीव लोखंडी हातपंपांच्या नकला आपल्या खेड्यांत बसविल्या गेल्या. साऱ्या गावाचा भार त्यांना पेलेना. ते मोडून पडू लागले. त्यावरचा उपाय जालना व सोलापूर येथील मिशनरी संस्थांच्या खटपटीतून निघाला. तेथील पोलादी पंपांच्या अनुभवावर, युनिसेफच्या साहाय्याने, १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. तथापि तो उचकटण्यास खास अवजारे व तरबेज मिस्त्री लागत. म्हणून गावकऱ्यांनाच दुरुस्त करता येईल अशा पंपांचा शोध पुढे सुरू झाला. आपले यंत्रही परक्या गावात परकेच ठरू शकते, हे विसरून चालणार नाही.

कॅनडातील ‘सीमाविरहित अभियंते’ या संघटनेने २००८ पासून स्वतःच्या अपयशांचे अहवाल प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हे धैर्य अनुकरणीय आहे. पण अहवाल देणगीदाराच्या हाती पडून भागणार नाही. तो गावाच्या सभेत वाचला गेला पाहिजे.

तेव्हा जो विद्यार्थी परदेशी वा आपल्याच तालुक्यात अशा कामास निघेल, त्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. हे काम मागितले कोणी? सुटा भाग मिळणार कोठे आणि कोणाच्या पैशाने? आपण परतल्यावर पाना कोणाच्या हाती राहणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर प्रवासखर्चाची ती रक्कम गावातल्याच दोन मुलामुलींना मिस्त्रीकाम शिकविण्यास द्यावी. त्यात छायाचित्र निघणार नाही. पाणी मात्र चालू राहील.