शेवटच्या रुग्णालाही तेच स्वच्छ हत्यार
(दाभोळ येथे आरोग्य व दंत शिबिराच्या स्वयंसेवकांसाठी झालेल्या प्रशिक्षणवर्गात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



आज मला एका भांड्याविषयी बोलायचे आहे. शिबिराच्या फोटोत ते कधी येत नाही. डॉक्टर येतात, रांग येते, गोळ्या घेणारी म्हातारी आजी येते. मागच्या खोलीतला ऑटोक्लेव्ह येत नाही. पण आपण सेवा केली की इजा केली, हे त्या भांड्यातच ठरते.

चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जखम स्वच्छ हवी, एवढे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. जंतूंविरुद्धचे खरे शस्त्र मात्र उशिरा हाती आले. लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाचा उपयोग जगापुढे मांडला. पाश्चर यांचे सहकारी चेंबरलँड यांनी १८७९ मध्ये दाबाखालच्या वाफेचे भांडे तयार केले. डॉ. वानलेस यांचे मिरजेचे इस्पितळ १८९४ मध्ये उघडले तेव्हा हे भांडे अवघे पंधरा वर्षांचे होते. आज ते आपल्या जीपमध्ये मावते. मात्र ते नीट भरले नाही, तर त्याचा उपयोग नाही.

नीट भरणे म्हणजे काय? आपल्या भगिनींना हे सांगायला नको. मोदकपात्रात मोदक एकमेकांना चिकटवून, थरावर थर रचून कोणी ठेवते का? मधले कच्चे राहतात, कारण वाफ तिथे पोहोचत नाही. हत्यारांचेही तसेच आहे. फरक एवढाच की कच्चा मोदक जिभेला कळतो. कच्चे राहिलेले हत्यार वरून चकचकीतच दिसते.

वाफ जंतू मारते ती हत्याराला प्रत्यक्ष लागून. थंड धातूवर वाफेचे पाणी होते आणि त्या क्षणी ती आपली सारी उष्णता तिथे सोडते. मध्ये हवा अडकली तर ही देवाणघेवाण थांबते. काट्यावर पंधरा पौंड दाब दिसला की आपण निर्धास्त होतो. पण हवा पूर्ण निघाली असेल तरच त्या दाबाला १२१ अंश तापमान मिळते. निम्मी हवा राहिली तर ११२, आणि मुळीच निघाली नाही तर १०० अंशच. शंभर अंशांना धनुर्वाताचे बीजाणू मरतीलच असे नाही. म्हणून वाफेचा जोरदार, अखंड झोत काही मिनिटे बाहेर येऊ द्या, मगच झडप बंद करा, आणि वेळ मोजा ती तापमान गाठल्यावर.

आता भरण्याचे नियम सांगते. ते भिंतीवर लावा.

पहिला: आधी धुणे. रक्त आणि लाळ वाळली की तिच्याखाली वाफ जात नाही. वापरलेले हत्यार लगेच भिजत टाका, पाण्याखाली ब्रशने घासा, खळाळून धुवा, पुसून कोरडे करा. जाड हातमोजे घालायला विसरू नका.

दुसरा: सांधा उघडा. दात काढायचा फोर्सेप्स, कात्री, आर्टरी फोर्सेप्स मिटलेले गेले तर सांध्यातला भाग तसाच राहतो.

तिसरा: जाळीच्या ट्रेमध्ये एकच थर. हत्यारावर हत्यार नको, भांड्याच्या भिंतीला टेकलेले नको.

चौथा: वाट्या आणि किडनी ट्रे आडवे, कडेवर ठेवा. सरळ ठेवलेल्या वाटीत हवा साचून राहते, कारण ती वाफेपेक्षा जड असते.

पाचवा: पाऊच निजवून रचू नका, उभे लावा, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लॅस्टिककडे. वाफ कागदातून जाते, प्लॅस्टिकमधून नाही.

सहावा: धातू खाली, कापड वर, नाहीतर धातूवरचे पाणी कापडावर ठिबकते. ड्रममध्ये कापसाचे बोळे कोंबू नका. ड्रमची भोके आत जाताना उघडी, बाहेर काढताच बंद.

सातवा: ओले पाकीट म्हणजे निर्जंतुक नसलेले पाकीट. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. भांड्यातच वाळू द्या. फेरीबोटीने धोपाव्याला जाताना पाकिटे पिशवीत दाबू नका, झाकणाच्या कडक डब्यात न्या. कोकणच्या पावसाळ्यात हे दुप्पट जपायचे. आणि मध्येच वीज गेली तर फेरी पहिल्यापासून सुरू करायची, उरलेली मिनिटे मोजायची नाहीत.

पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झाले असे समजू नका. ती पट्टी एवढेच सांगते की पाकीट तापले होते. जंतू खरोखर मेले का, हे बीजाणूंच्या चाचणीनेच कळते. तीही ठरावीक दिवशी, नेमाने व्हायला हवी.

आता मनातले बोलते. हे नियम कोणाला ठाऊक नाहीत असे नाही. ते मोडतात दुपारी बारानंतर. बाहेर रांग असते, कातकरी वाडीवरून माणसे पायी आलेली असतात, मशेरीने हिरड्या गेलेल्या बायका गाल धरून बसलेल्या असतात. अशा वेळी कोणीतरी प्रेमानेच म्हणते, "सिस्टर, आणखी चार सेट कोंबा ना."

हिशेब करू. समजा, भांड्यात उघडे ठेवलेले सहा सेट बसतात. धुण्यापासून वाळेपर्यंत दीड तास लागतो. नऊ वाजता पहिला घाणा तयार ठेवला, तर दीडपर्यंत चार घाणे होतात. म्हणजे चोवीस रुग्ण. बारा-बारा कोंबले तर कागदावर अठ्ठेचाळीस. पण त्यांतल्या किती जणांच्या तोंडात कच्चे हत्यार गेले, हे आपल्यापैकी कोणीच सांगू शकणार नाही.

आणि तो रुग्णही सांगणार नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो, आणि आजार दिसायला एक ते सहा महिने लागतात. तोवर आपला कातकरी बांधव कुटुंबासह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेला असतो. तिथे डोळे पिवळे झाले, तर दाभोळचे शिबिर कोणाला आठवणार? शहरातला रुग्ण जाब विचारतो. हा विचारणार नाही, म्हणूनच त्याच्या वतीने आपण स्वतःला विचारले पाहिजे.

मग रांगेतल्यांना परत पाठवायचे का? नाही. उपाय आहे, आणि तो भांड्यात कोंबण्याचा नाही. आदल्या दिवशी मुक्कामीच वीस सेट निर्जंतुक करून आणले, तर तेच चोवीस चव्वेचाळीस होतात, एकही नियम न मोडता. त्यासाठी लागतात जास्तीचे फोर्सेप्स, जाळीचे ट्रे, पाऊच आणि चाचणीच्या पट्ट्या. देणगीदार बंधुभगिनींना माझी विनंती आहे: या वस्तूंवर नाव कोरता येत नाही, तरी त्या द्या. आणि अहवालात 'किती दात काढले' याबरोबर 'किती घाणे केले, किती चाचण्या बरोबर आल्या' हेही विचारा. तुम्ही विचाराल तेच आम्ही जपू.

ज्या दिवशी सेट संपतील, त्या दिवशी रांगेत उरलेल्यांना औषध द्या, पुढची तारीख द्या आणि त्या तारखेला नक्की जा. उशिरा दिलेली सेवा चालेल. घाईत दिलेला आजार चालणार नाही.

पहिल्या रुग्णाला मिळाले तेच स्वच्छ हत्यार शेवटच्यालाही मिळो, हीच माझी प्रार्थना आणि हेच आपले काम.