घंगाळातला रुपया

सौर वादळाची बातमी आली की उपग्रह बिघडले, असे आपण धरून चालतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतात आणि त्या दिवशीही बहुधा ठणठणीत असतात. गोंधळ होतो तो वाटेत, आयनोस्फिअर या हवेच्या वरच्या, इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या थरात.

पाण्याने भरलेल्या घंगाळात रुपया टाका. तो आहे त्याहून वर आलेला दिसतो. पण पाणी किती खोल हे ठाऊक असेल, तर खरी जागा काढता येते. दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर हेच करतो. १५७५ मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा ११७६च्या लहरींना आयनोस्फिअरमध्ये जास्त उशीर होतो. त्या फरकावरून वाटेत इलेक्ट्रॉन किती भेटले ते कळते. वादळाने घंगाळात आणखी दोन तांबे ओतले, तरी हिशेब जमतो. आता हात घालून पाणी ढवळा! रुपयाचे तुकडे नाचू लागतात. जागा कशी काढणार? लहर घटकेत ठळक, घटकेत क्षीण. रिसीव्हरची पकड सुटते.

तेव्हा महागडे यंत्र घेतले म्हणजे कवचकुंडले मिळाली, असे कृपा करून समजू नका. पुन्हा सांगतो, दोन फ्रिक्वेन्सींचा इलाज खोलीवर चालतो, ढवळण्यावर नाही. मे २०२४ मध्ये, २००३ नंतरचे सर्वांत तीव्र वादळ आले तेव्हा अमेरिकेत मक्याची पेरणी चालू होती. उपग्रहांच्या आधारे सेंटीमीटरच्या हिशेबाने ओळी पाडणारे ट्रॅक्टर भरकटले, कित्येकांनी पेरणी थांबवली. ती यंत्रे काही स्वस्तातली नव्हती.

आपल्याकडे तर चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सूर्यावर डागांचा भर असला की मार्च-सप्टेंबरच्या सुमारास दिवस मावळल्यावर वादळाविनाही हे ढवळणे सुरू होते. वादळ ते कधी वाढवते, कधी चक्क दाबून टाकते. त्याचे कारण विद्युत क्षेत्रांत... पण घड्याळाकडे बोट दाखवले जात आहे.

मोजणीदार मंडळींना एवढेच सांगतो. रोव्हरवर, म्हणजे मोजणीच्या फिरत्या रिसीव्हरवर, ‘फिक्स’ ही जागा पक्की झाल्याची खूण दिसली तरी वादळाच्या संध्याकाळी हद्दीचा दगड रोवू नका. वादळ ओसरल्यावर, सकाळच्या वेळी, तोच बिंदू पुन्हा मोजा.