लुकलुकणारा पडदा

संगणकाच्या पडद्याविषयीं बोलावयास एका निवृत्त शाळामास्तरास कां बोलाविलें, असा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रशास्त्राचा अभ्यास मीं कधीं केलेला नाहीं. परंतु एका लुकलुकणाऱ्या पडद्यापायीं माझ्या हातून एका निरपराध माणसावर अन्याय होतां होतां राहिला. तो कसा टळला, तें सांगण्याइतका अधिकार मला आहे असें वाटतें.

आमच्या पेठेंत एक लहानसें वाचनालय आहे आणि त्याच्या कार्यकारी मंडळाचा मी एक सभासद आहें. पुस्तकांची नोंद पूर्वीं वह्यांत होई. अलीकडे ती संगणकावर होते. एके सकाळीं त्या संगणकाचा पडदा लुकलुकूं लागला. पुस्तकांची यादी जरा वर-खालीं सरकविली कीं ती क्षणभर पांढरी होई, पुन्हां दिसे आणि पुन्हां नाहींशी होई. पांच मिनिटें पाहिलें कीं डोळ्यांस पाणी येई. दुकानदारास दूरध्वनि केला, तों त्यानें न पाहतांच निर्णय दिला: "पडदा गेला, नवा घ्या." इकडे मंडळांत कुजबुज सुरू झाली कीं, सायंकाळचा सहायक संगणकावर खेळ खेळतो, त्यानेंच तो बिघडविला. नव्या पडद्याची निम्मी किंमत त्याच्या वेतनांतून कापावी असा ठराव आला आणि, सांगावयास लाज वाटते, त्यास अनुमोदन मीं दिलें.

तो तरुण भांडला नाहीं. "गुरुजी, पैसे कापा, पण आधीं एकदां माझ्याबरोबर बसून पडदा नीट पाहा," एवढेंच तो म्हणाला. त्याच संध्याकाळीं आम्ही दोघे बसलों.

आतां हें लुकलुकणें म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. पडद्यावरचें चित्र आपणांस स्थिर वाटतें. पण साधारण पडदा तें सेकंदास ६० वेळां नव्यानें दाखवीत असतो. वर्गांतल्या फळ्याचें उदाहरण घ्या. शिक्षक मुलांदेखत जुना मजकूर पुसतो आणि नवा लिहितो. मधल्या वेळांत मुलांना कोरा फळा दिसतो. संगणकावरील आज्ञावलीही आधीं आपली खिडकी पांढरी करून मग तींत अक्षरें काढूं लागली, तर तो कोरा क्षण आपल्या डोळ्यांस सांपडतो. यावर तोड फिरत्या फळ्याची. मागल्या बाजूवर सारा मजकूर लिहून पुरा करावयाचा आणि मग फळा एकदम फिरवावयाचा. यास डबल बफरिंग म्हणतात. विंडोजमध्यें २००७ सालीं आलेल्या व्हिस्टापासून सर्व खिडक्यांचीं चित्रें अशीं आड जुळवून मगच पुढें मांडण्याची व्यवस्था झाली.

परंतु हा फळा फिरविण्यास पांच जणांचे हात लागतात: आज्ञावली, ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्ड, केबल आणि शेवटीं पडदा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज व ग्राफिक्स कार्ड यांमधील दुभाषा. पांचांपैकीं कोणीही चुकला तरी चूक दिसते ती पडद्यावर. म्हणून बोल लागतो तो पडद्यासच.

आम्ही शेवटच्यापासून मागें तपासत गेलों. पडद्याच्या कडेचें बटण दाबलें कीं उजेड कमी-अधिक करण्याची एक यादी उमटते. ती संगणक काढीत नाहीं, पडदा स्वतः काढतो. ती यादीही लुकलुकत असेल, तर पडद्याचा किंवा त्यास मिळणाऱ्या विजेचा संशय घ्यावा. आमची यादी अगदीं स्थिर होती. नंतर केबल दोन्ही टोकांस घट्ट बसविली, दुसरी लावून पाहिली. फरक पडला नाहीं.

तिसरी कसोटी विंडोज करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनेंच सांगितलेली आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर नांवाची खिडकी उघडते. इतर चित्राबरोबर तीही लुकलुकली तर दोष ड्रायव्हरचा. ती स्थिर राहून बाकीचें लुकलुकलें तर दोष आज्ञावलीकडे. आमची ती खिडकी स्थिर होती. लुकलुकत होती ती केवळ पुस्तकसूचीची आज्ञावली.

त्या आज्ञावलीची नवी आवृत्ति आलेली नव्हती. मग तिच्या सेटिंगमध्यें शिरलों. तेथें हार्डवेअर ॲक्सेलरेशन असा एक पर्याय होता. चित्र काढण्याचें काम ग्राफिक्स कार्डाकडे सोंपवावें, असा त्याचा अर्थ. तो बंद केला, आज्ञावली मिटून पुन्हां उघडली, आणि यादी शांत झाली! मी उठूं लागलों, तेव्हां तो तरुण म्हणाला, "गुरुजी, थांबा. पुन्हां चालू करून पाहूं." चालू केला, लुकलुकणें परतलें, बंद केला, थांबलें. एकदां थांबलें तर तो योगायोग असूं शकतो. हवें तेव्हां आणतां व घालवितां आलें, म्हणजे कारण हातीं लागलें असें समजावें.

तें कारण उपजलें कधीं? विंडोजच्या अपडेटांची यादी पाहिली, तों बिघाडाच्या आदल्याच रात्रीं नवा ड्रायव्हर आपोआप बसलेला आढळला. त्याचें आणि त्या आज्ञावलीचें जमेना. यांत कोणा माणसाचा हात नव्हता.

आपल्या घरीं असा प्रसंग आला तर दोन गोष्टी ध्यानांत ठेवा. एका वेळीं एकच बदल करा आणि तो वहींत लिहा. चार बदल एकदम केले तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. दुसरें, फोनच्या कॅमेऱ्यानें पडद्याचें चित्र घेऊन त्यावर विसंबूं नका. कॅमेऱ्याची गति आणि पडद्याची गति यांचा मेळ न बसल्यानें निरोगी पडद्यावरही पट्टे दिसतात. नवा ड्रायव्हर बसल्यावरच बिघाड झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून पुष्कळदां पूर्वीचा ड्रायव्हर परत आणतां येतो.

पुढच्या सभेंत ठराव रद्द करण्याची सूचना मीं मांडली. इतिवृत्ताच्या वहींत आज दोन्ही ठराव आहेत आणि दोहोंखालीं माझें नांव आहे. तो पडदा अजून चालू आहे. वांचलेल्या पैशांतून मुलांचीं पुस्तकें आलीं. मीं त्या तरुणाची क्षमा मागितली, तेव्हां तो संकोचला आणि राहिलेल्या नोंदी करूं लागला.

श्रोतेहो, मीं अनेक वर्षें वर्ग सांभाळले. मागें गलका झाला कीं जो मुलगा प्रथम नजरेस पडे, त्यासच मी बांकावर उभा करीत असें. त्यांतले किती निर्दोष होते, हें तपासावयास आज माझ्यापाशीं कोणतीही कसोटी नाहीं. आपल्यापाशीं, निदान पडद्यापुरती तरी, ती आहे. पडदा टाकून देण्यापूर्वीं आणि कोणास बोल लावण्यापूर्वीं त्या तीन कळा दाबून पाहा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.