गोळी चालू आहे, पण रक्त तपासलं का?

आज आम्ही मिरगीबद्दल, म्हणजे फिटच्या आजाराबद्दल बोलणार आहोत. फिट आली की कांदा-चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे आपल्याला आता माहीत आहे. पण रोजच्या गोळीचा हिशोब? तो बचतीच्या हिशोबासारखाच ठेवावा लागतो.

पहिला हिशोब, रक्तात औषध किती आहे. फेनिटॉइनचं प्रमाण साधारण १० ते २० मध्ये लागतं. कमी पडलं तर फिट येते. जास्त झालं तर माणूस झोकांड्या खातो, एकाचे दोन दिसतात. लोकांना वाटतं, पिऊन आला. ही गोळी थोडी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून अर्धी गोळीही वाढवू नका. तपासणीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. टीबीची औषधं सुरू झाली तर डॉक्टरांना सांगा, त्यानं हे प्रमाण खालीवर होतं.

दुसरा हिशोब लिव्हरचा. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर पहिले सहा महिने जास्त जपायचे. एसजीपीटी थोडं वाढलेलं दिसलं म्हणून गोळी बंद करू नका. एकाएकी बंद केली तर फिटवर फिट येते. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. पण उलट्या, गुंगी, अन्नावरची वासना जाणं, डोळे पिवळे होणं असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. व्हॅल्प्रोएटनं पोटातल्या बाळाला धोका असतो, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कितीतरी घरांतून लोक सैलानीला जातात. जा, श्रद्धा आपापली. पण गोळ्यांची पुडी सोबत न्या.

आणि सुनांबद्दल. सासरी कळेल म्हणून कितीतरी पोरी गोळी लपवतात, मग चुकवतात. रक्तात औषध कमी निघालं तर तिला रागावू नका, गोळी का चुकली ते विचारा. हिंदू विवाह कायद्यात मिरगीचं कारण लग्नाच्या आड येत होतं. १९९९ साली ते काढून टाकलं. कायद्यानं काढलं, आता घरातूनही काढू या.

औषधाच्या प्रमाणाची तपासणी सगळीकडे होत नाही. कुठं होते, किती पैसे लागतात, हे डॉक्टरांना विचारा. पैशाची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज द्या, आणि कशासाठी दिलं ते गावभर सांगू नका.