धावताना पोटरी दुखते?



धावताना पोटरीत गोळा येतो,
पाऊल बधिर होतं,
आणि थांबलं की काही मिनिटांत बरं वाटतं.
तरुण खेळाडूंनो, हे दुखणं अंगावर काढू नका.

गुडघ्यामागून पायाची मुख्य धमनी जाते.
काहींच्या पोटरीचा स्नायू तिला दाबतो.
धावताना रक्त अडतं.

स्वस्थ बसून तपासलं, तर पावलाची नाडी छान लागते.
इथेच निदान हुकतं!
म्हणून डॉक्टर गुडघा सरळ ठेवून
पाऊल खाली दाबायला लावतात,
आणि तेव्हा नाडी बघतात.
डॉप्लर सोनोग्राफीही तशीच करतात.
निरोगी पायातही नाडी कधी मंदावते,
म्हणून एमआरआयने खात्री करतात.

पुन्हा सांगते,
धावल्यावर दुखतं, थांबल्यावर बरं वाटतं,
हे डॉक्टरांना नेमकं सांगा.
धमनी खराब होण्याआधी कळलं,
तर शस्त्रक्रियेने स्नायूचा दाब सोडवता येतो.