व्यायाम आणि विसावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मला चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण घरात जे पाहिले आणि डॉक्टरीणबाईंकडून जे समजून घेतले, ते आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

व्यायाम चांगला, हे आता कोणी कोणाला सांगावे लागत नाही. पण व्यायाम करूनही अंगात हुशारी येत नाही, उलट मरगळच येते, असे ज्यांना होते त्या गप्प बसतात. लोक आळशी म्हणतील, ही भीती. आज मी त्यांच्यासाठीच बोलणार आहे.

माझी धाकटी जाऊ ३७ वर्षांची. गुढीपाडव्याला तिने एका व्यायामवर्गात नाव घातले. पहाटे पाचला उठून तासभर दमदार व्यायाम, संध्याकाळी अर्धा तास भरभर चालणे. आठवड्याचे सातही दिवस, एकही खाडा नाही. शिवाय मंगळवार, चतुर्थी, एकादशीचे उपास होतेच. वजन लवकर उतरावे म्हणून रात्रीची भाकरीही सोडली. पहिला महिना तिला फार छान वाटले. आषाढापर्यंत मात्र दोन जिने चढताना धाप लागू लागली. पिंडऱ्या सतत भरून येत. दिवसभर गळून जायची, आणि रात्री अंथरुणावर पडली की झोप नाही. लहानसहान गोष्टींवरून मुलांवर खेकसायची. दोन महिने पाळी चुकली. वर्गातल्या शिक्षकांना सांगितले, तर ते म्हणाले, "आळस झटका, आणखी जोर लावा." घरातही कोणी म्हणाले, "हौसेने घेतले, आता कुरकुर कशाला?" त्या बोलण्याने ती जास्त खचली.

शेवटी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी विचारले, "जेवता काय? झोपता किती?" रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ निघाले. स्त्रीचे ते निदान १२ असावे. थायरॉइड आणि साखर तपासली, ती ठीक होती. गर्भ नाही, याचीही खात्री केली. पंधरा दिवस व्यायाम बंद, लोहाच्या गोळ्या आणि रात्रीचे जेवण सुरू! पुढे आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम. तीन-साडेतीन महिन्यांनी पाळी नियमित झाली आणि तिचा चेहरा पुन्हा हसरा दिसू लागला.

डॉक्टरीणबाईंनी कारण सोपे करून सांगितले. व्यायामाने स्नायू ताणले जातात, थोडे झिजतात. ते भरून येतात आणि बळकट होतात ते व्यायामाच्या वेळी नव्हे, तर नंतर, अन्नाने आणि झोपेने. आपण बायकांना हे समजायला जड जाऊ नये. पुरणपोळीची कणीक तिंबून लगेच लाटायला घेतली तर पोळी फाटते; तिला मुरू द्यावे लागते. शरीराचेही तसेच आहे. आणि अन्न अपुरे पडले की शरीर काटकसर करू लागते. पाळी थांबते ती त्यामुळेच.

आता आपल्या घरची रीत पाहा. सर्वांत आधी उठते कोण? सर्वांच्या मागून जेवते कोण? भाजी संपली तर लोणच्याशी भागवते कोण? अशा शरीरावर वरून कडक व्यायाम लादला तर ते कुठून पुरवणार? २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे देशात ५७ आणि आपल्या महाराष्ट्रात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आज या सभेत बसलेल्यांपैकीही कितीतरी जणी त्यात असतील.

मग व्यायाम किती करावा? सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, की आपल्या बळाच्या अर्धा करावा. तोंडाने श्वास येऊ लागला की अर्धे बळ सरले असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत, आणि घरकामाचे श्रमही त्यात धरतात. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता यावे, पण ओवी म्हणता येऊ नये, इतपत.

एक साधी खूण सांगते. सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असे चार-पाच दिवस सतत आले, तर शरीराला विसावा हवा आहे. जेवणात डाळ, उसळ, पालेभाजी असू द्या, वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका. लोह अंगी लागत नाही. विसाव्यानेही थकवा पंधरा दिवसांत हटला नाही, तर रक्त तपासून घ्या. छातीत दुखले, भोवळ आली किंवा भारी व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी मंडळाला एक विनंती. रथसप्तमीला आपण सूर्यनमस्कारांची चढाओढ ठेवतो. जी जास्त घालील तिला बक्षीस. यंदा ते बक्षीस वर्षभर बेताने आणि नेमाने व्यायाम करणारीला द्यावे. तसेच सकाळचा वर्ग एक दिवसाआड भरवावा, आणि जी म्हणेल "आज मला जमत नाही," तिला कोणी हसू नये. तिला आधी विचारावे, "बाई, तू जेवलीस का?"